तुमचं घरकर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल तर

फुलेवाडीतल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. ते शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. २०१७ साली त्यांनी एका गृहवित्त कंपनीकडून १४ लाखांचं घरकर्ज घेतलं, मुदत २० वर्षं, व्याज साधारण ९ टक्के. मध्ये फौंड्रीत काम कमी झालं आणि नऊ हप्ते थकले. आता मुंबईच्या एका अनोळखी कंपनीचं पत्र आलंय की, तुमचं कर्ज आमच्याकडे वर्ग झालं आहे, १३ लाख ८५ हजार भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. शिवाय रोज एकाचा फोन येतो. तो म्हणतो, "तीन लाख रोख द्या, मी वरती बोलून मिटवतो." गृहस्थ विचारतात, मला न विचारता माझं कर्ज विकता येतं का? ही कंपनी मनाला येईल ते व्याज लावणार का? तिच्यावर कुणाचा वचक आहे की नाही? आणि घर राहणार का?

मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं वकिली करतोय. पहिली अकरा वर्षं बँकांच्या पॅनेलवर होतो, म्हणजे अशा नोटिसा मीच लिहीत होतो. त्यानंतर कर्जदारांची बाजू घ्यायला लागलो. दोन्हीकडून पाहिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या फोनवाल्याचं. त्याला एक रुपयाही रोख द्यायचा नाही. तडजोड करायचा अधिकार कंपनीला असतो आणि ती लेटरहेडवर होते, फोनवर होत नाही. तो खरोखर कंपनीचा वसुली एजंट असेल तर त्याच्याकडे कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असलंच पाहिजे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत चव्हाटा करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांपासून थकलेली कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांपर्यंत सगळ्यांना बजावलेलं आहे. त्याच्या फोनची तारीख-वेळ एका वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रारीत ती वहीच कामाला येते.

आता विक्रीचं. हो, तुम्हाला न विचारता कर्ज विकता येतं. बँका आपसांत कर्जं हस्तांतरित करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात सांगितलं. तुमच्या करारात पाहिलंत तर तेरा-चौदाव्या पानावर बारीक अक्षरात एक कलम सापडेल, "कंपनीस हे कर्ज कोणासही हस्तांतरित करण्याचा अधिकार राहील." त्याखाली तुमची सही आहे. पण विकलं जातं ते तुमच्याकडून येणं असलेलं. करार तोच राहतो. घेणारा विकणाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि त्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. कर्ज हस्तांतराबाबत रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२१ मध्ये निर्देश दिले. कर्जदाराच्या हक्कांना कुठल्याही परिस्थितीत धक्का लावता येणार नाही आणि करारानुसार जिथे संमती लागते तिथे ती घेतलेली असली पाहिजे, असं त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे २० वर्षांची मुदत असेल तर ती २० वर्षांचीच. व्याजाचं सूत्र करारात जे आहे तेच.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, आणि तो दुसरीकडे कसा चिघळला ते पाहिलं की आपल्याकडे धोका नेमका कुठे आहे ते कळतं. ब्रिटनमध्ये २००८ च्या आर्थिक पडझडीत नॉर्दर्न रॉक ही बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली. तिची जुनी घरकर्जं पुढे विकायला काढली आणि २०१५ मध्ये सुमारे १३ अब्ज पौंडांच्या कर्जांचा गठ्ठा सर्बेरस या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं. अशी कर्जं विकत घेणारे फंड स्वतः नवी कर्जं देत नव्हते, त्यामुळे कर्जदाराला नवा, स्वस्त दर देण्याची सोयच नव्हती. हप्ते गोळा करणारी संस्था नियामकाच्या ताब्यात, पण कर्जाचा खरा मालक त्याच्या कक्षेबाहेर. लोकांचे दर जुन्या बँकेच्या 'स्वतःच्या' बदलत्या दराशी बांधलेले होते. ती बँक उरली नाही, दर मात्र चढा राहिला. दुसऱ्या बँकेत जावं तर मधल्या काळात कर्ज देण्याचे निकष कडक झालेले. एकही हप्ता न चुकवलेली माणसं त्यात अडकली. त्यांना तिथे घरकर्जाचे कैदी म्हणतात. २०१९ मध्ये नियामकानं निकष थोडे सैल केले, तोवर बरीच वर्षं गेली होती. आयर्लंडनं २०१५ मध्ये हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्यांना परवाना बंधनकारक केला. पण मालक बाहेरच राहतो हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये पुन्हा कायदा करून मालकालाही कक्षेत आणलं.

आपल्याकडे बँक किंवा गृहवित्त कंपनीनं कर्ज विकायचं तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्थेलाच. चालू कर्ज दुसऱ्या बँकेला किंवा वित्त कंपनीला, थकलेलं असेल तर मालमत्ता पुनर्रचना कंपनीलाही. या कंपन्यांना सगळे 'एआरसी' म्हणतात. थकलेल्या कर्जाचं तारण न्यायालयात न जाता ताब्यात घ्यायचा अधिकार २००२ च्या ज्या कायद्यानं दिला तो सरफेसी कायदा. त्याच्या कलम ३ खाली या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते आणि त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. कागदावर आपली चौकट ब्रिटनपेक्षा घट्ट आहे. भोकं वेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिलं भोक सूचनेचं. सरफेसी कायद्याच्या कलम ६ मध्ये बँकेनं कर्जदाराला विक्रीची सूचना 'योग्य वाटल्यास' द्यावी, असं आहे. मला हे कलम पहिल्यापासून खटकतं. ज्याचं घर तारण आहे त्याला मालक बदलल्याचं सांगायचं की नाही, हे विकणाऱ्याच्या मर्जीवर कसं सोडलं? यातून काय होतं ते सांगतो.

उचगावचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. नवरा टेम्पो चालवायचा, बायको शिवणकाम करायची. त्यांच्या बचत खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला जुन्या कंपनीकडे हप्ता आपोआप कापला जात होता. कर्ज विकलं गेलं तरी कपात सुरूच राहिली. पाच महिने. नव्या कंपनीनं तेच पाच महिने थकीत धरून नोटीस पाठवली आणि वर दंड लावला. ती बाई प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढत म्हणाली, "वकीलसाहेब, पैसं तर गेल्यात की ओ आमचं. मग गेलं कुठं?" पासबुकात पाचही नोंदी होत्या, तारखेसकट. कलम ६ च म्हणतं की कर्जदाराला सूचना न देता विक्री झाली असेल, तर जुन्या संस्थेनं घेतलेला पैसा तिनं नव्या मालकाच्या वतीनं विश्वस्त म्हणून धरलेला असतो. म्हणजे कर्जदाराचा हप्ता भरलाच गेला. आम्ही पासबुकाच्या झेरॉक्ससह पत्र लिहिलं, दोन स्मरणपत्रं पाठवली आणि सात आठवड्यांनी कंपनीनं पाच हप्ते जमा दाखवून दंड काढला. त्या पासबुकावर दर महिन्याला एंट्री मारून घ्यायची सवय बाईंना होती, म्हणून ते जमलं.

म्हणून फुलेवाडीच्या गृहस्थांना माझं पहिलं काम हे. उद्याच जुन्या कंपनीला आणि नव्या कंपनीला एकेक पत्र लिहा, स्पीड पोस्टनं आणि ईमेलनंही. दोघांकडे हस्तांतराच्या तारखेचा खातेउतारा मागा. त्यात मुद्दल किती, थकीत हप्ते किती, व्याज किती, दंड किती, इतर खर्च किती, हे वेगवेगळं हवं. नव्या कंपनीकडे हस्तांतर कराराच्या परिशिष्टातला तुमच्या खाते क्रमांकाचा उल्लेख असलेला उतारा मागा. नोटिशीत 'अमुक ट्रस्टचे विश्वस्त म्हणून' असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. एआरसी थकीत कर्जं ट्रस्ट करून त्यात ठेवतात, त्यामुळे बँक खातंही बहुधा ट्रस्टच्या नावावर असतं. पण खात्याचं नाव, नोटिशीतलं नाव आणि रिझर्व्ह बँकेच्या यादीतलं कंपनीचं नाव यांचा मेळ बसला पाहिजे. कुणा व्यक्तीच्या नावाचा क्यूआर कोड पाठवला तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार समजा.

हस्तांतराच्या तारखेच्या उताऱ्यावर मी इतका का अडून बसतो? कारण सगळं भांडण त्या एका आकड्यावर होतं. तुमचाच हिशेब करू. १४ लाख, ९ टक्के, २४० हप्ते. मासिक हप्ता येतो साधारण १२,५९६ रुपये. ९६ हप्त्यांनंतर, म्हणजे आठ वर्षांनी, वेळापत्रकाप्रमाणे मुद्दल उरायला हवं ११ लाख ७ हजारांच्या आसपास. त्यात नऊ थकीत हप्ते मिळवा, १ लाख १३ हजार. झाले १२ लाख २० हजार. थकलेल्या रकमेवरचं व्याज धरा, मध्ये दर वरखाली झाला असेल तो फरक धरा. तरी १३ लाख ८५ हजार कसे झाले? दीड लाखाच्या वर रक्कम कशाची आहे ते कंपनीनं ओळीओळीनं दाखवायला हवं. बहुतेक वेळा त्यात 'कायदेशीर खर्च', 'भेट शुल्क', 'दंडव्याज' असं काहीतरी निघतं. दंड हा व्याजदरात मिळवायचा नाही, वेगळा शुल्क म्हणून लावायचा आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांना सांगितलंय. तुमचं खातं जुन्या कंपनीकडे होतं त्या काळातला दंड तरी या कसोटीवर नक्की तपासता येतो. हा हिशेब एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटकडून एका पानावर मांडून घ्या. हजार-दोन हजार लागतील, पण पुढच्या प्रत्येक टेबलावर तो कागद तुमच्या हातात असेल.

व्याजाचा प्रश्न थोडा अवघड आहे आणि इथे ब्रिटनसारखं दुखणं आपल्याकडेही आहे. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना तसं बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दराशी बांधलेला असतो. कर्ज विकलं गेलं की हा मूळ दर कुणाचा धरायचा? करारात 'कंपनीचा वेळोवेळीचा दर' एवढंच असेल तर नवा मालक स्वतःचा चढा दर लावायचा प्रयत्न करतो. माझ्या मते हे करारात बसत नाही. दर कुठल्या आधारावर बदलला, कोणत्या तारखेला, त्याची सूचना कुठे आहे, हे लेखी विचारायचं. गप्प राहून हप्ता भरत गेलात की पुढे 'तुम्हाला मान्य होता' असं म्हणायला त्यांना जागा मिळते. ज्यांचं खातं अजून नियमित आहे त्यांना मात्र सोपी वाट आहे. कर्ज दुसऱ्या बँकेत वळवा. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल शुल्क घेता येत नाही. खातं एकदा अनुत्पादित झालं, म्हणजे हप्ता ९० दिवसांवर थकला, की ही वाट जवळजवळ बंद होते. म्हणून दुसरा हप्ता चुकला त्याच महिन्यात हालचाल करा. माझ्याकडे लोक आठव्या-नवव्या हप्त्याला येतात.

आता घराच्या ताब्याचं. तुम्हाला आलेलं पत्र कलम १३(२) ची नोटीस आहे की नुसतं मागणीपत्र, हे आधी पाहा. वरती सरफेसीचा आणि १३(२) चा उल्लेख असेल तर नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवसांची मुदत सुरू झाली. या ६० दिवसांत लेखी हरकत नोंदवता येते आणि कंपनीला तिचं कारणांसह उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. ही हरकत म्हणजे विनवणीचं पत्र नव्हे. "आम्ही गरीब आहोत, मुलीचं लग्न आहे" हे लिहून कायद्यात काही हलत नाही. हिशेबातली चूक, न धरलेले हप्ते, हस्तांतराचा न दिलेला पुरावा, हे लिहा. आणखी एक पाहा. कर्जाचं मुद्दल आणि व्याज मिळून वीस टक्क्यांपेक्षा कमी येणं उरलं असेल तर कलम ३१ प्रमाणे सरफेसी लागूच होत नाही. जुन्या, जवळपास फिटलेल्या कर्जांना हे लागू पडतं आणि नोटीस लिहिणारे ते सोयीनं विसरतात. तुमचं तसं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं असू शकेल. तारणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत नसेल तरीही जानेवारी २०२० पासून सरफेसीखाली कारवाई करता येत नाही. थोडं शुल्क भरून ती नोंद कुणालाही शोधता येते. शोधा, म्हणजे आज तिथे कुणाचं नाव आहे हेही कळेल.

साठ दिवसांनी कंपनी ताबा नोटीस दारावर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक मराठी. याला प्रतीकात्मक ताबा म्हणतात. कुणी घराबाहेर काढत नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो आणि मग तहसीलदारांमार्फत माणसं दारात येतात. दोन्हींच्या मध्ये बहुधा काही महिने जातात. पण तुमची मुदत पहिल्या ताबा नोटिशीपासूनच धावायला लागते. कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम १७ चा अर्ज करायला ४५ दिवस असतात.

इथे कोल्हापुरात माझ्या डोळ्यांदेखत घरं गेली ती एकाच चुकीमुळे. माणसं घाबरून कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात दिवाणी दावा लावतात आणि मनाई मागतात. तिथे तारीख पडते, समोरचा वकील कलम ३४ दाखवतो की दिवाणी न्यायालयाला यात अधिकार नाही, दावा निघून जातो, आणि तोवर ४५ दिवस संपलेले असतात. आपल्या जिल्ह्याला डीआरटी पुण्याची आहे. सव्वादोनशे किलोमीटर जावं लागतं, अंगावर येतं, मला मान्य आहे. फौंड्रीत रोजंदारीवर असलेल्या माणसाची प्रत्येक तारखेला एक पाळी जाते. पण जायचं तिथेच. १० लाखांपर्यंतच्या येण्याला दर लाखाला ५०० रुपये शुल्क आहे, त्यावर ५,००० आणि वरच्या प्रत्येक लाखाला २५०. तुमच्या प्रकरणात ते सहा हजारांच्या आसपास बसतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, त्याचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. कित्येक वर्षं त्यासाठी आंदोलनं केली. पण त्यामुळे "आता इथंच रिट टाकू" म्हणणारे वाढलेत. डीआरटीची वाट मोकळी असताना उच्च न्यायालयानं अशा रिटमध्ये पडू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० पासून पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे.

लिलावाबद्दल एवढं पक्कं ध्यानात ठेवा. कर्ज पूर्ण भरून घर सोडवायचा हक्क पूर्वी विक्री होईपर्यंत राहायचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये तो अर्थ पक्का केला. पाहुण्यांकडून पैसे गोळा करायचे असतील, गावाकडचा तुकडा विकायचा असेल, सोसायटीतून उचल घ्यायची असेल, तर ते त्या नोटिशीच्या आधी. लिलावाच्या आदल्या रात्री पिशवीत पैसे घेऊन आलेले लोक मी पाहिलेत. त्यांना घेऊन कुठे जायचं, हे मलाही कळत नाही.

तडजोडीचं बोलणं एआरसीशी करायला हरकत नाही, उलट करावंच. तिनं कर्ज बहुधा सूट घेऊन विकत घेतलेलं असतं, त्यामुळे तिला हलायला जागा असते. पण पत्रात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा, 'यानंतर काहीही येणं राहणार नाही' हे वाक्य आणि मूळ कागदपत्रं कुठून कधी मिळणार, हे सगळं हवं. ते पत्र हातात आल्यावर मगच पहिला रुपया, तोही बँकेतून.

आणि इथे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि अर्धं काम तसंच ठेवतात. बोजा राहतो. कागलच्या एका शिक्षकांनी एआरसीचं कर्ज फेडलं, दाखला घेतला, फ्रेम करायचा तेवढा बाकी ठेवला. सहा वर्षांनी घर विकायला काढलं तर मिळकत पत्रिकेवर जुन्या बँकेचा बोजा तसाच. बँक म्हणते, आम्ही ते कर्ज कधीच विकलं, आमचा संबंध नाही. एआरसी म्हणते, आमचं नाव पत्रिकेवर कधी आलंच नाही, आम्ही काय कमी करणार? गिऱ्हाईक निघून गेलं. शेवटी हस्तांतर कराराचा उतारा, एआरसीचा बेबाकी म्हणजे काही येणं उरलं नसल्याचा दाखला आणि बँकेचं 'आमचा हक्क उरलेला नाही' असं पत्र, अशी तीन कागदं एकत्र लावून सिटी सर्व्हेत नोंद कमी करून घेतली. चार महिने गेले. म्हणून तडजोडीच्या वेळीच दोघांकडूनही पत्रं घ्या. तारणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असेल तर तिथलीही नोंद काढून घ्या, सेरसाईवरचीही. मूळ कागद परत द्यायला कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. डिसेंबर २०२३ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि हा नियम एआरसीलाही आहे. आमच्याकडे कागद सापडत नाहीत, जुन्या कंपनीकडे विचारा, असं उत्तर आलं की लगेच हा नियम लिहून पाठवा.

सहकारी बँकेचं कर्ज असलेल्यांनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. सहकारी बँकांना सरफेसी वापरता येतो की नाही हा वाद अनेक वर्षं चालला आणि त्याचा निकाल ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी दिला, तो आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात. वापरता येतो. पतसंस्थांना मात्र येत नाही. त्यांची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यानं होते. तो दाखला निघण्यापूर्वी सहायक निबंधकांसमोर म्हणणं मांडायची संधी असते. ती नोटीस आली की हजर राहायचंच.

खरा अनियंत्रित धंदा आपल्याकडे आहे तो या सगळ्याच्या खालच्या मजल्यावर. 'फायनान्स' अशी पाटी, रिझर्व्ह बँकेची नोंदणी नाही, सावकारी परवाना नाही. पैसे देताना तारण म्हणून मुदत खरेदी किंवा सरळ खरेदीखत करून घेतात, "पैसे फेडले की परत फिरवून देतो" हे तोंडी. मग तो कागद दुसऱ्याला विकतात आणि तो दुसरा येऊन म्हणतो, मी घर विकत घेतलंय, बाहेर पडा. अशा वेळी कागदावर तुम्ही घर विकलेलंच असतं. तरी दार बंद नाही. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. त्याच्या कलम १८ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीतला होता असं सिद्ध झालं तर ते खरेदीखत रद्द ठरवून मिळकत परत द्यायचा आदेश देऊ शकतात, आणि पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार त्यात येतात. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पुरावा काय लागतो? दरमहा व्याज दिल्याचे बँक व्यवहार, फोनवरचे संदेश, घराचा ताबा आणि घरफाळा तुमच्याच नावानं चालू असल्याच्या पावत्या. आणि खरेदीखतातली किंमत बाजारभावाच्या किती खाली आहे, ते.

तक्रारीची जागा: आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, त्याला ३० दिवस. मग बँक, वित्त कंपनी किंवा एआरसी असेल तर रिझर्व्ह बँकेचं तक्रार पोर्टल, गृहवित्त कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेचं. तक्रार केली म्हणून सरफेसीची मुदत थांबत नाही, दोन्ही समांतर चालवायचं.

फुलेवाडीच्या गृहस्थांनी ते पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट टाकलं नसेल अशी आशा आहे. त्याच्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख असते, पत्र कधी निघालं याचा तो पुरावा. ६० दिवस मात्र नोटिशीवरच्या तारखेपासूनच धरून चाला. पाकीट, करार, मंजुरीपत्र, २०१७ पासूनचं पासबुक आणि मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा एवढं एका फाइलीत लावा. पत्र १३(२) चं निघालं आणि चाळीस दिवस होऊन गेले असतील, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी हरकत पाठवा. हिशेबाचं पान मागाहून जोडता येतं.